अवसेची रात्र, उजनीचा काठ आणि पतंग

उजनीच्या काठाने चालायला निघालोय म्हटलं की सोलापुरात हमखास प्रश्न येतो, "भिगवणला का?" भिगवण आणि कुंभारगाव पलीकडे, पुणे जिल्ह्यात. रोहित पक्ष्यांमुळे त्यांचं नाव झालं. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेला करमाळा तालुक्यातला काठ मात्र ऊस, केळी आणि पाण्यातल्या मोटारींसाठीच ओळखला जातो. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. भरलं की यशवंतसागरात, म्हणजे त्याच्या जलाशयात, ११७ टीएमसीच्या आसपास पाणी असतं, आणि चिखलठाण-कुगावकडे उभं राहिलं तर समोरचा इंदापूर तालुका धूसर रेघेसारखा दिसतो. समुद्र नसलेल्या जिल्ह्याला किनारा म्हणून एवढा पुरे आहे.

रोहित बघायला आम्ही गेलोच नव्हतो. पाणी उतरून चिखल उघडा पडायला लागतो तेव्हा, हिवाळ्यात, ते येतात. आम्हाला हवे होते रात्री दिव्यावर झेपावणारे पतंग. भारतात फुलपाखरांच्या तेराशेच्या वर जाती नोंदल्या आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. तरी फुलपाखरांचे फोटो सगळे काढतात आणि पतंगांवर चप्पल फिरवतात. त्यांना बघायचं तर हवा दमट आणि पडलेली हवी, आणि चांदणं नको, कारण चांदण्यात आपला दिवा फिका पडतो. म्हणजे पावसाळ्याचा शेवट आणि अमावस्या. कॅलेंडरात त्या हिशेबात बसली ती नेमकी सर्वपित्री.

"अवसेला पाण्याकाठी झोपायला निघालीस? तेही पितरांच्या?" आईने एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कडक भाकऱ्यांची चळत डब्यात भरायला घेतली.

पहिला दिवस : जेऊर, चिखलठाण

आम्ही तिघं. मी, मावसभाऊ आणि शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर, ज्यांच्यामुळे हा नाद लागला. सकाळच्या गाडीने केमचं कुंकू आणि कुर्डुवाडीचा चहा मागे टाकत जेऊरला उतरलो. तिथून जीप. दोन दिवसांपूर्वी परतीचा पाऊस होऊन गेला होता, त्यामुळे चिखलठाणच्या अलीकडेच उतरून चालायला लागलो, तेव्हा पन्नास पावलांत प्रत्येक बुटाला किलोभर काळी माती चिकटली. काठीने खरवडायची, पुन्हा चालायचं. भावाने बूट काढून हातात घेतले, तर सरांनी लगेच घालायला लावले. उसाच्या कडेला घोणस असते, आणि गवतात ती दिसत नाही.

धरण भरलेलं असलं की काठ नावाचा प्रकार उरत नाही. ऊस थेट पाण्यात उभा असतो, आणि त्यातून पाइप आत गेलेले. उन्हाळ्यात याच जागी मैलभर गाळाचं रान उघडं पडतं आणि त्यात लोक पिकं घेतात. आता चालायचं ते बांधावरून, कधी पाइपलाइनच्या कडेने, कधी केळीच्या बागेतून. पाण्यावर नदी सुरय घिरट्या घालून सूर मारत होते. बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. एका खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्यात चित्रबलाक आणि हळदी-कुंकू बदकं मिळून होती. धोबी पक्षी नुकतेच उत्तरेकडून आलेले, बांधावर शेपट्या हलवत फिरत होते. जेवण म्हणजे कडक भाकरी चुरून त्यात दही आणि शेंगाची चटणी. ही भाकरी आठवडाभर टिकते आणि कुठल्याही महागड्या ट्रेकिंगच्या खाऊपेक्षा चांगली लागते, हे माझं ठाम मत आहे.

मुक्काम सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आजोबांच्या वस्तीवर. तंबू पाण्याकाठी ठोकायचा आमचा बेत आबांनी ऐकून घेतला आणि एका वाक्यात मोडला. "बिबट्याचं काय करताव?" करमाळा तालुक्यात २०२० च्या डिसेंबरात नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली होती. त्याआधीचे ते दिवस इथल्या कोणालाच विसरता आलेले नाहीत. तंबू अंगणात, गोठ्याच्या शेजारी लागले.

(जाणाऱ्यांसाठी : उसालगत उघड्यावर तंबू ठोकू नका. वस्तीवर विचारलं तर अंगण मिळतं. घोट्याच्या वर येणारे बूट, प्रत्येकाला वेगळी बॅटरी, आणि माती खरवडायला एक बोथट सुरी. हसू नका, सगळ्यात जास्त वापर तिचाच झाला.)

रात्री आठला पडदा लावला. पडदा म्हणजे सरांच्या वडिलांचं जुनं पांढरं धोतर. सोलापूरहून येऊन सोलापुरी चादर का नाही लावली, असं आबांच्या नातवाने विचारलं. तिच्यावरच्या रंगीबेरंगी नक्षीत पतंग हरवून जाईल, म्हणून ती अंगावर घ्यायला ठेवली होती. धोतरामागे जांभळ्या उजेडाची एक ट्यूब, बारा व्होल्टच्या बॅटरीवर. त्याशिवाय कडुनिंबाच्या बुंध्याला कुजकी केळी आणि गूळ यांचा लगदा फासला. केळी कंदरची, वस्तीवरचीच फुकट मिळालेली, काळी पडलेली.

आबा खाटेवर बसून बघत होते. त्यांना दिवा नवीन नव्हता. पहिल्या पावसाला हुमणीचे भुंगेरे निघतात तेव्हा तेही असाच दिवा लावतात, फक्त खाली रॉकेल टाकलेल्या पाण्याचं घमेलं ठेवून. "तुमचं घमेलं कुठाय?" त्यांनी विचारलं. घमेलं नाही, नुसते बघणार, म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसले.

मग पाखरं यायला लागली. पहिल्या तासात जे काही धोतरावर बसलं त्याला सर पुस्तकातली नावं देत होते आणि आबा आपली. संपूर्ण पांढरा, शेपटाशी नारिंगी केसांचा झुबका असलेला छोटा पतंग आला. सर म्हणाले सिर्पोफॅगा. आबांनी फोटो जवळ घेऊन बघितला. "ही तर उसाचा शेंडा खाणारी." तपकिरी, पंखाच्या टोकाशी पांढरट डाग असलेला एक आला, तेव्हा नातवाला आम्ही सांगितलं की हीच मक्यावरची लष्करी अळी. ही अमेरिकी कीड भारतात पहिल्यांदा २०१८ साली सापडली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात पोचलीसुद्धा. पोरगा उडालाच. अळीच्या डोक्यावरचा उलटा वाय आणि शेपटाकडचे चौकोनात बसलेले चार ठिपके त्याला पाठ होते. पण तिला पंख फुटून ती अशी रात्री फिरते, हे त्याने कधी बघितलं नव्हतं. हरभऱ्याची घाटे अळी आली, एरंडावरची उंटअळी आली. मागचे पंख काळे-पांढरे, बसली की राखाडी लाकडाचा तुकडा. धोतरावर जणू आबांच्या रानातल्या सगळ्या नुकसानीची यादीच उमटत चालली होती.

खरी मजा निंबाच्या बुंध्याशी झाली. दहाच्या सुमाराला लगद्यावर वाळक्या पानासारखं काहीतरी बसलेलं दिसलं. बॅटरीचा उजेड पडताच त्याने पंख उघडले, तर खालचे पंख झेंडूसारखे नारिंगी, त्यावर काळा स्वल्पविराम. या पतंगाचं नाव युडोसिमा. याची सोंड साधी नाही. टोकाशी टणक आणि दातेरी असते, तिने डाळिंबाची साल भोसकून हा रस पितो. मग त्या भोकातून बुरशी शिरते आणि फळ सडून गळतं. आबांची पाच एकर डाळिंबं आहेत. ते खाटेवरून उठले. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि या पतंगासाठी तिथूनही शेवटी सल्ला मिळतो तो फळांना पिशव्या बांधा, संध्याकाळी धूर करा असाच, कारण हा येतो अंधारात आणि जातो अंधारात.

"हा वाढतो कुठं पण? डाळिंबावर अळी तर दिसत न्हाई."

सरांनी बॅटरी वर, निंबावर फिरवली. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत गुळवेल चढलेला. या पतंगाची अळी गुळवेल आणि वासनवेलीवर जगते.

घरातल्या काकू दारातून ऐकत होत्या. गुळवेल त्यांचा. कोरोनाच्या वर्षी लावलेला, अजून रोज काढा होतो. "कापायचा नाही," त्या आतूनच म्हणाल्या. आबा म्हणाले, "डाळिंब जायला लागलंय." त्या म्हणाल्या, "तुमचा खोकला कशानं गेला?" यावर त्या रात्री पुढे काही बोलणं झालं नाही. अकराला वीज चमकायला लागली, वारा सुटला, आम्ही पडदा गुंडाळला.

दुसरा दिवस : कुगाव, सर्वपित्री

सकाळी सहाला आबा स्वतःच शिडी लावून गुळवेलीची पानं उलटून बघत होते. अळी त्यांनाच सापडली. बोटाएवढी, काळपट मखमली, बाजूला दोन-दोन डोळ्यांसारखे ठिपके, डोकं आत मुडपून शेपूट वर केलेलं. हात लावला की ती आणखी वळते आणि ते खोटे डोळे पुढे येतात. काकूंनीही येऊन बघितली, "दिसायला बरी हाय" म्हणाल्या. वेल कापायचा की नाही, हा निकाल आम्ही निघेपर्यंत लागला नव्हता.

चिखलठाण ते कुगाव चालणं सोपं, ऊन मात्र कडक. पाण्याच्या जिभा आत शिरल्यामुळे समोर दिसणारं टोक गाठायला तिप्पट वळसा पडतो. एका ओढ्यात मुग्धबलाक शिंपले फोडत होते. कुगावला पोचलो तेव्हा दुपार. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की इथे जुना इनामदार वाडा वर येतो. आता त्यावर फक्त पाणी होतं आणि गावातल्या एका आजोबांनी हाताने दाखवलेली जागा.

उजनीला येऊन मासा खायचा, हा भावाचा बेत मात्र फसला. चिलापी, मरळ, शिंगटा, सगळं पाण्यात, पण पितरपाटात कोण शिजवणार? त्या बदल्यात ज्या ओट्यावर टेकलो त्याच घरात पानं वाढली गेली : तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, गवार, भोपळा, आणि बाहेर कावळ्याला ठेवलेला घास. अनोळखी माणसाला त्या दिवशी उपाशी पाठवत नाहीत. मासे खायचे असतील तर पंधरवडा टाळून जा. आम्हाला तक्रार नाही.

होडीने पलीकडे कळाशीला जायची सोय पूर्वीपासून आहे. मे २०२४ मध्ये याच मार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. उजनीवर वारा दुपारनंतर कधी उठेल सांगता येत नाही, आणि उठला की लाटा समुद्रासारख्या येतात. लाइफ जॅकेट नसेल तर चढू नका. आम्ही काठानेच राहिलो.

रात्रीचा पडदा मच्छीमारांच्या पालांजवळ, पाण्यापासून वीस पावलांवर. पाच-सहा कुटुंबं, जाळी वाळत घातलेली, पोरं भोवती जमलेली. अवसेचा काळोख असा की समोरचा हात दिसत नव्हता. ट्यूब लावली आणि पाच मिनिटांत धोतर दिसेनासं झालं. चिलटं. लाखोंनी. तोंड उघडलं की तोंडात, चष्म्याच्या आत, चहात. ही चावत नाहीत. यांच्या अळ्या गाळात राहतात, रक्तासारख्या लाल, कारण कमी प्राणवायूत तगायला त्यांच्याकडेही हिमोग्लोबिन असतं. हिवाळ्यात पाणपक्षी ज्या चिखलात चोची खुपसून फिरतात, त्याच चिखलातून हा सगळा थवा उठलेला. हे ज्ञान सर देत असताना त्यांच्या तोंडात दोन गेलीच. जेवण दिवा लावण्याआधी उरका, आणि ट्यूब पाण्याकडे तोंड करून लावू नका. आम्ही पडदा फिरवून गावाकडे केला, तेव्हा गर्दी जरा कमी झाली.

तेव्हा दिसले ते, ज्यांच्यासाठी पाण्याकाठी यायचं होतं. नखाएवढे पांढरे पतंग, पंखांवर पेन्सिलीने काढल्यासारख्या तपकिरी नागमोडी रेषा. यांचं नाव पॅरापॉइंक्स. पतंगाची अळी म्हणजे पानावर, हे आपलं ठरलेलं असतं. यांच्या अळ्या पाण्याखाली राहतात, पाणवनस्पतीचे तुकडे जोडून त्यांची पुंगळी करतात, आणि अंगावरच्या धाग्यांसारख्या कल्ल्यांनी श्वास घेतात. जाळ्यात अडकून आलेलं शेवाळासारखं गवत पोरांनी सकाळी दाखवलं, ते हायड्रिला होतं, यांच्यातल्या एका जातीचं खाद्य. अळी काही मिळाली नाही, पण कुरतडलेली पानं होती.

बाराच्या सुमाराला काहीतरी जड येऊन धोतरावर आदळलं. चिमणीएवढं. पोरं मागे सरली. पिवळे-काळे पट्टे असलेलं पोट, आणि पाठीवर, अगदी स्पष्ट, कवटी.

डेथ्स हेड हॉक मॉथ. सरांनी तो अलगद तळहातावर घेतला, तर तो ओरडला. चुईऽ चुईऽ असा, उंदरासारखा. एक मावशी पालातून बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. सर्वपित्रीची रात्र, नदीचा काठ, पाठीवर मुंडकं, आणि वर आवाज. "टाका ते, टाका आधी," त्या म्हणाल्या. एका पोराने रडायला सुरुवात केली.

सरांनी घाई केली नाही. तो आवाज घशातला नाही, सोंडेतला. हवा आत ओढायची आणि आखूड जाड सोंडेतून बाहेर ढकलायची, बाजाच्या पेटीचा भाता असतो तसं. हा पोळ्यात शिरून मध पितो, आणि माश्यांनी ओळखू नये म्हणून त्यांच्यासारखाच वास अंगावर बाळगतो. मावशींना यातलं काहीच पटलेलं दिसत नव्हतं. शेवटी भावाने मोबाइलवर त्याच्या अळीचा फोटो शोधून दाखवला : हिरवीपिवळी, बोटापेक्षा जाड, अंगावर तिरके पट्टे, शेपटाशी वाकडा काटा.

"ही व्हय! ही तिळावर असती की." त्यांचा आवाजच बदलला. माहेरी, मोहोळ तालुक्यात, त्या तीळ निवडताना ही अळी हाताने उचलून टाकायच्या. मग त्या जवळ आल्या, पोराचा हात धरून त्याचं बोट पतंगाच्या पाठीला लावलं. तो पुन्हा ओरडला, पोरगं हसलं. त्यानंतर तासभर "अजून एक येऊ द्या" म्हणून सगळी बसून होती. दुसरा आला नाही. त्याऐवजी कण्हेरीवर वाढणारा हिरवा ओलिएंडर हॉक मॉथ आला, दिसायला कितीतरी देखणा, पण पोरांना तो फिका वाटला.

तिसरा दिवस : घट बसले

पहाटे बायका घटासाठी काठची काळी माती पाटीत भरून नेत होत्या. आम्ही जेऊरला परतलो तर रस्त्यावर तुळजापूरहून ज्योत घेऊन अनवाणी पळणारी पोरं, मागे टेम्पो, त्यावर स्पीकर. गाडी, सोलापूर, स्टँड, बार्शी रस्ता. संध्याकाळी नान्नजला, सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर, नातेवाइकांच्या शेतात. गेल्या रात्रीचं जागरण होतं, त्यामुळे पडदा लावायच्या आधीच सगळे झोपले.

शेवटची सकाळ : नान्नज

माळढोकसाठी १९७९ साली इथे अभयारण्य झालं. त्याचं क्षेत्र एकेकाळी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं, २०१२ मध्ये ते बाराशेच्या आसपास आलं. माळढोक आम्हाला दिसला नाही, दिसेल अशी आशाही कोणी दिली नव्हती. काळवीट मात्र भरपूर : काळ्या नरामागे माद्यांचा घोळका, गवत छातीपर्यंत. उंचावर भोवत्या हा शिकारी पक्षी एकटा तरंगत होता, नुकताच आलेला. रस्त्यावर लांडग्याचे ठसे, रात्रीच्या दवावरचे, म्हणजे ताजे.

पावसाळ्यानंतरचं माळरान चालायला त्रासाचं. कुसळ मोज्यातून आत जातं आणि पाऊल टाकलं की टोचतं. पण त्याच गवतात दिवसा उडणारे पतंग असतात. बांधावरच्या खुळखुळ्यावर युटेथिसा बसलेला होता, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके. तो लपत नाही, कारण खुळखुळ्यातलं विष त्याच्या अंगात असतं आणि पक्ष्यांना ते ठाऊक असतं. बाभळीवर काट्याकुट्यांच्या पिशव्या लोंबत होत्या. एका मेंढपाळ काकांनी त्या पक्ष्याची घरटी समजून वर्षानुवर्षं बघितल्या होत्या. आत अळी असते. नर बाहेर पडून उडून जातो, मादीला पंखच नसतात, ती आयुष्यभर त्या पिशवीतच राहते. काकांनी एक पिशवी हातात घेऊन हलकेच दाबून बघितली, "आत आहे खरं," म्हणाले, आणि पुन्हा फांदीला अडकवली. मग मेंढ्या पलीकडच्या तुरीत शिरायला लागल्या म्हणून ते पळाले.

अभयारण्यात दिवा लावायचा असेल तर वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि रात्री आत थांबता येत नाही. बाहेरच्या शेतात, मालकाला विचारून, अडचण नाही. जानेवारीत गेलात तर हुरडा मिळेल, उजनीवर रोहित दिसतील, चालायला हवा उत्तम असेल, पण पडद्यावर फार कोणी येणार नाही. पतंगांसाठी जायचं तर जुलैपासून दिवाळीच्या आतली कुठलीही अमावस्या धरा, आणि धोतर जुनंच न्या. चिलटांचे डाग निघत नाहीत.